पिस्टन पिनचं लॉक बसवताना: पहिल्यांदा इंजिन बांधणाऱ्यांसाठी

इंजिन खोललं की सगळ्यांचं लक्ष बोअरकडे, म्हणजे पिस्टन धावतो त्या गोल पोकळीकडे जातं, रिंगांकडे जातं, व्हॉल्व्हकडे जातं. पिस्टनच्या पिनच्या, म्हणजे गजन पिनच्या, दोन टोकांना तारेची दोन लॉकं असतात, त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. किटच्या खोक्यात एका छोट्या प्लास्टिकच्या पुडीत ती येतात. चहाच्या किमतीची वस्तू. बसवायला दोन मिनिटं लागतात असा समज. पण ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, खाली उतरला की ही लॉकं पुन्हा दिसत नाहीत, बाहेरून घट्ट करता येत नाहीत, आणि एखादं निसटलं तर पिस्टन आणि ब्लॉक दोन्ही घेऊन जातं.

माझं गॅरेज सांगलीत, माधवनगर रस्त्याला आहे. आयटीआय करून आलेली पोरं हाताखाली शिकतात. अलीकडे वालचंद कॉलेजची मुलंही यामाहाची जुनी आरएक्स विकत घेऊन ‘काका, इंजिन स्वतः बांधायचंय’ म्हणत येतात. त्यांना कामाच्या टेबलाशी उभं करून जे सांगतो, तेच इथे लिहितो आहे. एवढं एक काम सावकाश केलंत तर बाकीच्या इंजिनाला न्याय मिळेल, असं मी मनापासून मानतो.

लॉक नेमकं काय करतं

पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांना जोडणारी पोकळ पोलादी पिन म्हणजे गजन पिन. मोटारसायकलच्या इंजिनात ही पिन मोकळी असते. रॉडच्या छोट्या टोकातही ती फिरते आणि पिस्टनच्या दोन्ही बाजूंच्या भोकांतही फिरते. त्यामुळे ती एकाच जागी झिजत नाही, हा फायदा. पण मोकळी असल्यामुळेच ती आडवी सरकायलाही तयार असते. सरकली की तिचं कडक टोक थेट बोअरच्या भिंतीला जाऊन लागतं. हे होऊ नये म्हणून पिस्टनच्या भोकात, दोन्ही टोकांशी, आतून एक गोल खाच कापलेली असते. त्या खाचेत स्प्रिंगच्या पोलादाचं लॉक ताणून बसतं आणि पिनला अडवतं.

काही चारचाकींच्या इंजिनांत पिन रॉडमध्ये दाबून बसवलेली असते. तिथे लॉक नसतं आणि खाचही नसते. अशी पिन हातोडीनं काढायची नाही, ते प्रेसचं काम आहे. इथे आपण फक्त मोकळ्या पिनबद्दल बोलतो आहोत.

या इवल्याशा तारेवर किती जोर येतो ते एकदा आकड्यांत बघा. आरएक्स १०० चं उदाहरण घेतो, कारण आमच्या भागात शिकण्यासाठी तीच गाडी सगळ्यात आधी खोलली जाते. तिचा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ५० मिलिमीटर, इंजिन ९८ सीसीचं. ७५०० आरपीएमला क्रँक सेकंदाला १२५ फेरे मारतो. म्हणजे पिस्टन एका सेकंदात २५० वेळा थांबतो आणि उलट फिरतो. अगदी वरच्या टोकाला पोचून उलटताना त्याला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास दोन हजार पट असतो. लॉकचं वजन एक ग्रॅम धरलं तरी त्या क्षणी ते दोन किलोच्या मापासारखं खाचेतून ओढलं जातं, आणि हे गाडी पळते आहे तोवर चालूच राहतं. खाचेत पूर्ण बसलेलं नवं लॉक हे सहज सोसतं. अर्धवट बसलेलं सोसत नाही.

लॉकचे प्रकार

आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत साधं गोल तारेचं लॉक असतं, इंग्रजी ‘सी’सारखं. काहींत त्याच तारेचं एक टोक आत वळवलेलं असतं, पक्कडीनं धरायला आकडा म्हणून. आकडा असलेलं लॉक काढायला सोपं, पण त्या आकड्याची जागा कंपनीनं ठरवलेली असेल तर मॅन्युअलप्रमाणेच ठेवायची.

दुसरा प्रकार चपट्या पत्र्याचा. त्याच्या दोन टोकांना बारीक भोकं असतात आणि तो बसवायला सर्क्लिपची पक्कड लागते, आतल्या सर्क्लिपची. मोठ्या पिस्टनांत, जुन्या डिझेल पंपांच्या इंजिनांत हा प्रकार भेटतो. कृष्णाकाठी मळ्यातली इंजिनं दुरुस्त करणाऱ्या जुन्या मेस्तरींच्या हातात ही पक्कड कायम असायची. पत्र्यातून ठोकून काढलेल्या या लॉकची एक कड किंचित गोलसर असते आणि दुसरी धारदार. नखानं फिरवून बघा, लगेच कळतं. गोलसर कड पिनकडे आणि धारदार कड बाहेर, बोअरच्या भिंतीकडे. पिन आतून ढकलते तेव्हा धारदार कड खाचेच्या भिंतीला पकडून धरते. उलट बसवलं तर गोलसर कडेवरून लॉक घसरून वर चढू शकतं. गोल तारेच्या लॉकला अशी बाजू नसते.

एक लक्षात ठेवा. लॉक, पिन आणि पिस्टन हा एका घरचा संसार आहे. एका किटमधलं पिस्टन, दुसऱ्यातली पिन आणि डब्यात सापडलेलं तिसरंच लॉक असं चालत नाही. तारेची जाडी खाचेपेक्षा कमी असेल तर लॉक आत खेळतं आणि खाच झिजवतं. जाडी जास्त असेल तर ते तळाशी पोचतच नाही.

कामाला बसण्याआधी

सामान फार लागत नाही. बारीक चोचीची नोज पक्कड. एक छोटा चपटा स्क्रू ड्रायव्हर, ज्याच्या टोकाच्या धारा पॉलिश पेपरवर घासून गुळगुळीत केल्या आहेत, कारण धारदार टोक घसरलं तर पिस्टनला ओरखडा जातो. दातकोरणी किंवा बांबूची काडी. टॉर्च. चुंबक. स्वच्छ इंजिन ऑइल. आणि सुती कापडाचे दोन-तीन मोठे तुकडे, जुन्या बनियनचे किंवा धोतराचे. गॅरेजमध्ये मिळणारं दोऱ्यांचं वेस्ट या कामाला वापरू नका. त्याचा एखादा धागा खाचेत अडकला तर तो दिसतही नाही.

आणि चष्मा. नंबरचा असो वा साधा गॉगल, पण डोळ्यांवर काच हवीच. ताणलेलं लॉक सुटलं की बंदुकीच्या छऱ्यासारखं उडतं. माझ्याकडे शिकणाऱ्या एका पोराच्या भुवईवर लागलं होतं, डोळ्यापासून बोटभर अंतरावर. त्या दिवसापासून चष्मा नसेल तर मी पिस्टनला हात लावू देत नाही.

नवीन लॉकं विकत आणली आहेत ना, ते आता बघा, इंजिन उघडं टाकून दुकान गाठायची वेळ येऊ देऊ नका. जुनं लॉक पुन्हा वापरायचं नाही, मग ते कितीही चांगलं दिसो. काढताना ते वाकलेलं असतं, ताण गेलेला असतो. हातात नवं आणि जुनं शेजारी धरलंत तर बऱ्याचदा जुन्याचा घेर कमी झालेला स्पष्ट दिसतो. स्पेअर म्हणून दोन जोड्या आणा. एक उडालं तर हात थांबत नाही.

जुनं लॉक आणि पिन काढणं

ब्लॉक वर काढला की पिस्टन उघडा पडतो. पहिली गोष्ट, क्रँककेसचं तोंड कापडानं बंद करा. रॉडभोवती कापड नीट कोंबा, चारही कोपरे झाका. फोर स्ट्रोक इंजिन असेल तर टायमिंग चेनचा बोगदाही बंद करा. नवशिके क्रँकचं तोंड झाकतात आणि हा बोगदा विसरतात, आणि उडालेलं लॉक नेमकं तिकडेच जातं. टू स्ट्रोकमध्ये गॅसकेटच्या जागेवरच्या ट्रान्सफर पोर्टच्या, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण वर नेणाऱ्या, वाटा क्रँककेसमध्ये उतरतात, त्या झाका.

लॉक एका बाजूचंच काढलं तरी पिन निघते, पण नंतर दोन्ही नवी घालायची आहेत म्हणून दुसरंही काढायचंच. पिस्टनच्या भोकाच्या कडेला एक छोटा काप दिलेला असतो. त्यात स्क्रू ड्रायव्हरचं टोक घालून लॉक उचलायचं. उचलताना डावा अंगठा त्यावर ठेवा म्हणजे ते उडत नाही.

आता पिन. अंगठ्यानं दाबून निघाली तर उत्तम. निघाली नाही तर हातोडी आणि ड्रिफ्ट, म्हणजे ठोकायची दांडी, घेऊन ठोकायला सुरुवात करू नका. पिस्टनला आडवा ठोका बसला की तो ठोका थेट कनेक्टिंग रॉडला जातो, आणि रॉड केसभर वाकला तरी पुढची सगळी कथा बिघडते. ती कथा खाली सांगतो. गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं पिस्टनला गुंडाळा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा करा. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, भोक मोठं होतं, पिन सैल पडते. तरीही अडली तर लांब बोल्ट, नट आणि पिनपेक्षा मोठ्या भोकाची नळी वापरून तिला ओढून काढा. असा पुलर कुपवाडच्या कोणत्याही लेथवाल्याकडून तासाभरात करून मिळतो.

खाच

आता जिथे सगळ्यात जास्त वेळ द्यायचा ती जागा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून अंदाज करा. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड सगळं पाण्यात. पाणी ओसरल्यावर दिवाळीपर्यंत माझ्या दारात बुडालेल्या गाड्यांची रांग होती. कृष्णेचा तो गाळ ओला असताना लोण्यासारखा आणि सुकला की सिमेंटसारखा. एका स्प्लेंडरचं इंजिन मी स्वतः खोललं. पिस्टन चांगला होता म्हणून ठेवला, रॉकेलनं धुतला, हवा मारली, वरून लख्ख दिसला. नवीन लॉकं घातली. एका बाजूचं लॉक बसताना नेहमीचा ‘टिच्’ आवाज आला नाही. मला ते जाणवलं होतं. पण दारात पंधरा गाड्या उभ्या होत्या आणि मी पुढे गेलो.

चारशे किलोमीटरवर तो माणूस गाडी ढकलत घेऊन आला. इंजिनात टकटक, धूर, ताकद नाही. ब्लॉक काढला तर पिनच्या रेषेत बोअरला उभा ओरखडा, नख अडकेल इतका खोल. लॉक निसटून तुकडे झालं होतं. दुसऱ्या टोकाची खाच टॉर्चखाली बघितली तेव्हा कारण सापडलं. खाचेच्या तळाशी, एका कोपऱ्यात, गाळ आणि कार्बन मिळून झालेला थर तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा तसाच होता. निसटलेल्या बाजूलाही तोच असणार. त्या थरावर लॉक अर्धवट टेकलं होतं, वरून मात्र बसल्यासारखं दिसत होतं. नवीन ब्लॉक-पिस्टन मी माझ्या पैशानं घालून दिलं. त्या माणसाचं पुरात घर बुडालं होतं आणि रोज मिरजेला कामाला जायला तीच एक गाडी होती. तो काही बोलला नाही, पण मला ते अजून आठवतं.

तेव्हापासून खाच अशी साफ करतो: बांबूच्या काडीचं टोक छिन्नीसारखं कापायचं, पेट्रोलमध्ये बुडवायचं आणि खाचेतून पूर्ण गोल फिरवायचं. तीन-चार फेऱ्या. प्रत्येक फेरीनंतर काडीचं टोक कापडावर टेकवून बघायचं. काळा डाग येतो तोवर काम संपलेलं नाही. पोलादी सुई किंवा खिळा वापरू नका, ॲल्युमिनियम मऊ असतं, खाचेची कड मोडते. मग हवा मारायची, आणि टॉर्च तिरकी धरून बघायचं. सरळ उजेडात खाच सपाट दिसते, तिरक्या उजेडात तिचा प्रत्येक कंगोरा दिसतो.

बघताना दोन गोष्टी शोधा. खाचेची बाहेरची कड कुठे झडली आहे का, आणि खाच कुठे रुंद झाली आहे का. दोन्हीपैकी काहीही असेल तर तो पिस्टन बाजूला ठेवा. त्याला इलाज नाही. नवीन पिस्टन असेल तरी हे सगळं करायचं, कारण कापणीचा बारीक कचरा आणि बुरा नव्या खाचेतही असतो.

पहिलं लॉक टेबलावरच

दोनपैकी एक लॉक पिस्टन इंजिनावर चढवण्याआधी, टेबलावर बसून घालायचं. कोणतं? ज्या बाजूला गाडीच्या चेसीमुळे हात पोचायला अडचण आहे त्या बाजूचं. म्हणजे अवघड काम निवांत बसून होतं आणि इंजिनावर फक्त सोप्या बाजूचं राहतं. पण त्यासाठी पिस्टनची दिशा आधी ठरवावी लागते. स्प्लेंडरसारख्या फोर स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या माथ्यावर ‘आयएन’ अशी खूण असते, ती इनटेककडे, म्हणजे कार्बोरेटरच्या बाजूला. आरएक्ससारख्या टू स्ट्रोकमध्ये बाण असतो, तो सायलेन्सरच्या बाजूला, एक्झॉस्टकडे. पिस्टन हातात त्या दिशेनं धरा, मग डावी-उजवी ठरवा. घाईत उलट्या बाजूला लॉक घातलं की पिन अडचणीच्या बाजूनं घुसवायची वेळ येते.

लॉक बसवण्याची रीत अशी. लॉक दोन्ही टोकांशी पक्कडीनं चेपून बारीक करून आत ढकलायचं नाही. ते जितकं चेपाल तितका त्याचा ताण मरतो. त्याऐवजी एक टोक कापाच्या शेजारून खाचेत घाला आणि डाव्या अंगठ्यानं तिथेच दाबून धरा. अंगठा उचलायचा नाही. मग उजव्या हातातल्या स्क्रू ड्रायव्हरच्या सपाट बाजूनं लॉकचा बाकीचा घेर थोडा थोडा आत ढकलत जा, पोळीची कड दुमडतो तसं, एका बाजूनं सलग. शेवटी दुसरं टोक कापाच्या जागेतून आत सरकतं. तिथे हाताला एक बारीकसा झटका जाणवतो आणि ‘टिच्’ असा आवाज येतो.

हात बसेपर्यंत हे काम मोठ्या पारदर्शक प्लास्टिक पिशवीत हात घालून करा. किराणा दुकानात डाळ भरून देतात तसली. लॉक उडालं तरी पिशवीतच राहतं. जुना निकामी पिस्टन घेऊन दहा-वीस वेळा सराव करा. माझ्याकडे नवीन आलेला पोरगा पहिला आठवडा असाच सराव करतो.

लॉकचं तोंड कुठे

लॉक बसलं, पण त्याचं तोंड, म्हणजे दोन टोकांमधली मोकळी जागा, आता कापासमोर आहे. तिथे ठेवायचं नाही. तोंड कापासमोर राहिलं तर त्या ठिकाणी टोकांना आधार देणारी खाचेची भिंतच नसते. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं लॉक खाचेतल्या खाचेत फिरवा आणि तोंड घड्याळाच्या बाराच्या किंवा सहाच्या जागी आणा, म्हणजे पिस्टनच्या माथ्याकडे किंवा खाली स्कर्टकडे, पिस्टनच्या खालच्या घेराकडे. काप ज्या टोकाला असेल त्याच्या उलट टोकाला. आडवं, म्हणजे तीन किंवा नऊच्या जागी, ठेवू नका.

कारण समजून घ्या म्हणजे विसरणार नाही. लॉक म्हणजे वाकवलेला चिमटा आहे. पिस्टनचे सगळे झटके वर-खाली बसतात. चिमट्याचं तोंड वर किंवा खाली असेल तर झटका दोन्ही पायांना सारखा, लांबीच्या दिशेनं बसतो. तोंड आडवं असेल तर एक पाय वरच्या बाजूला आणि एक खालच्या बाजूला येतो, आणि प्रत्येक झटक्याला त्यातला एक पाय खाचेतून आत ओढला जातो. सेकंदाला १२५ वेळा ओढला जाणारा पाय कधीतरी बाहेर येतो.

पिस्टन चढवणं आणि दुसरं लॉक

छोट्या टोकाचा बुश किंवा सुयांचं बेअरिंग, पिन, पिस्टनची भोकं, सगळ्यांना इंजिन ऑइल लावा. क्रँकचं तोंड कापडानं बंद आहे ना, परत बघा. पिन अंगठ्यानं सरकवा, रॉडमधून पलीकडे, पहिल्या लॉकला हलकी टेकेपर्यंत. ठोकायचं नाही. नवी पिन कडक जात असेल तर पिस्टन गरम पाण्यात बुडवून काढा, नीट पुसून कोरडा करा, ऑइल लावा आणि मग सरकवा.

पिन टेकली की अलीकडची खाच पूर्ण उघडी दिसली पाहिजे, चहू बाजूंनी. पिनचं टोक खाचेत डोकावत असेल तर थांबा. एकतर पलीकडचं लॉक नीट बसलेलं नाही किंवा पिन चुकीच्या लांबीची आहे. जोर लावून लॉक घुसवू नका.

मग दुसरं लॉक त्याच रीतीनं. आता इंजिनावर काम आहे, म्हणून पिस्टनखाली आणि अलीकडच्या बाजूला आणखी एक कापड पदरासारखं धरा.

तपासणी

माझ्या गॅरेजमध्ये या तपासणीशिवाय ब्लॉक खाली उतरत नाही.

स्क्रू ड्रायव्हरचं टोक लॉकच्या तोंडाशी लावून लॉक खाचेत थोडं फिरवा. पूर्ण बसलेलं लॉक फिरतं, पण कुरकुरत, जोर लावल्यावर. सहज गरगरत असेल तर ताण नाही किंवा तार बारीक आहे. एकाच जागी अडत असेल तर तिथे कचरा आहे. फिरवून तोंड परत जागेवर आणा. मग नखाचं टोक लॉकच्या आतल्या कडेवरून गोल फिरवा. कुठेही पायरी लागता कामा नये. डोळा फसतो, नख फसत नाही. शेवटी पिन अंगठ्यानं एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला ढकला. अगदी किंचित हलेल, तेवढी जागा हवीच, पण लॉक जागचं हलता कामा नये.

आणि मोबाइलनं दोन्ही बाजूंचे फोटो काढा, जवळून, टॉर्च लावून, मोठे करून बघा. पलीकडच्या बाजूला डोळा पोचत नाही तिथे कॅमेरा पोचतो. मी हे फोटो गाडीच्या नंबरासकट ठेवतो.

लॉक उडून हरवलं तर? काम थांबवा. दुसरं घालून पुढे जायचा मोह होतो, पण हरवलेलं लॉक जमिनीवर आहे की क्रँकमध्ये, हे कळल्याशिवाय कापड उचलायचं नाही. आधी कापडाच्या घड्या बघा, मग जमीन, मग कपडे, खिसे, बुटाच्या लेस. चुंबक फिरवा, लॉक पोलादाचं असल्यामुळे चिकटतं. इतकं करूनही सापडलं नाही तर ते आत आहे असं समजून चाला. किक मारून बघायची नाही. लांब लवचिक दांडीच्या चुंबकानं आत शोधा, नाही मिळालं तर क्रँककेस खोला. एक दिवस जाईल, पण क्रँक वाचेल.

निसटलेलं लॉक घेऊन कुणी आलं तर

दुसरीकडे बांधलेलं इंजिन तुमच्याकडे येईल आणि बोअरच्या भिंतीवर, पिनच्या टोकाच्या रेषेत उभा ओरखडा दिसेल. तिथे नवीन ब्लॉक-पिस्टन-लॉक घालून मोकळे होऊ नका. लॉक का निसटलं, हे आधी शोधा.

वर रॉडबद्दल सांगतो म्हणालो होतो ते हेच. इस्लामपूरकडून एक आरएक्स आली होती. वर्षभरात दोनदा एकाच बाजूचं लॉक निसटलं होतं, दोन्ही वेळा नवीन किट घातलं होतं. मी रॉडच्या छोट्या टोकात पिन घालून, ब्लॉकशिवाय, पिनचं प्रत्येक टोक क्रँककेसच्या सपाट जागेपासून किती वर आहे ते मोजलं. दोन्ही टोकांत सरळ फरक होता. पूर्वी कुणीतरी पिन ठोकून काढताना रॉड वाकवला होता. वाकडा रॉड प्रत्येक स्ट्रोकला पिनला एकाच बाजूला ढकलतो, आणि पिन हातोडीसारखी त्या बाजूच्या लॉकवर आपटत राहते. अशा वेळी जगातलं सगळ्यात चांगलं लॉकही टिकणार नाही. क्रँक बाहेर काढून नवीन रॉड घातला, मग ती गाडी नीट चालली. सापडलेलं कारण मालकाला दाखवा, मोजमाप त्याच्या समोर करा. पैसे का जास्त लागणार हे मग त्याला सांगावं लागत नाही.

ब्लॉक उतरवण्याआधी

रिंगांची तोंडं, बेस गॅसकेट, ब्लॉक उतरवणं हा वेगळा विषय आहे. त्याआधीचं मात्र इथेच सांगतो. कोंबलेलं कापड सरळ वर ओढू नका, कडा आत दुमडत गोळा करून उचला, म्हणजे त्यावर पडलेलं काही क्रँकमध्ये सांडत नाही. ते कापड टेबलावर झटकून बघा.

टेबलावर आता काढलेली दोन जुनी लॉकं असली पाहिजेत, आणि नव्या पुडीतून दोन कमी झालेली. मोजा. जुनी लॉकं तिथल्या तिथे पक्कडीनं मोडून भंगाराच्या डब्यात टाका. अख्खं ठेवलंत तर कुणीतरी, एखाद्या रविवारी दुकान बंद असताना, तेच उचलून दुसऱ्या इंजिनात घालतं.